जर्नालिझमचं पीजी करायचंय? आधी 'कॉपी परत येणं' म्हणजे काय ते समजून घ्या

माझी पहिली कॉपी, म्हणजे लिहून दिलेली बातमी, आठ ओळींची होती आणि ती चार वेळा परत आली. वीसेक वर्षं झाली ह्याला. पाऊस लागून आठवडा झाला असेल, दादरला एका गल्लीत झाड पडून बाइकवरचा मुलगा जखमी झाला होता, आणि आमच्या कोर्सच्या न्यूजरूममधून मला तिकडे पिटाळलं. छत्री उलटी झाली, बूट भिजले, पण परत आल्यावर मी एकदम झोकात लिहिलं, 'महापालिकेच्या गलथान कारभारामुळे एक तरुण गंभीर जखमी'. आमचे सर एका दैनिकातून वृत्तसंपादक म्हणून रिटायर झालेले. त्यांनी 'गलथान कारभारा'खाली लाल रेघ ओढली आणि बाजूला दोनच शब्द लिहिले, 'कोणी सांगितलं?'

खरं तर कोणीच सांगितलं नव्हतं. तिथे गर्दीत उभे असलेले लोक बोलत होते आणि मलाही ते पटलं होतं. दुसऱ्यांदा कॉपी परत आली ती झाड कुठलं होतं ते लिहिलं नव्हतं म्हणून (गुलमोहर). तिसऱ्यांदा प्रश्न आला, झाड कोणाच्या जागेत होतं? आता हे मी बघितलंच नव्हतं, कारण पडलेलं झाड रस्त्यावर आडवं होतं ना. पुन्हा गेलो. बुंधा कंपाउंडच्या भिंतीच्या आत. म्हणजे झाड सोसायटीचं, आणि खासगी आवारातल्या झाडाच्या फांद्या छाटायच्या तर पालिकेची परवानगी काढून छाटून घेण्याचं काम सोसायटीचं असतं. सेक्रेटरी म्हणाले की छाटणीचं कोटेशन जास्त आलं म्हणून दिवाळीनंतर बघू असं मीटिंगमध्ये ठरलं होतं. चौथ्यांदा परत आली ती जखमी मुलाच्या वयावरून, शेजारी म्हणत होते बावीस आणि हॉस्पिटलच्या नोंदीत एकोणीस. शेवटी कॉपी आठ ओळींचीच राहिली, फक्त पहिल्या कॉपीतलं एकही वाक्य त्यात नव्हतं.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी. बीकॉम झाली, सीएची आर्टिकलशिप वगैरे करायची नाहीये, लिहायची आवड आहे, आणि परवा लिफ्टमध्ये तिने विचारलं, "काका, जर्नालिझममध्ये मास्टर्स करू का? नुसती थिअरी असते का तिकडे?" लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंत पोचेपर्यंत जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं, पण ते पुरेसं नव्हतं, आणि दर वर्षी रिझल्ट लागले की हाच प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून एकदाचं सविस्तर लिहितोय.

आधी नावांचा घोळ. अमेरिकन साइटवर 'ग्रॅज्युएट प्रोग्राम' लिहिलेलं असतं तेव्हा ते आपलं पीजी असतं, म्हणजे पदवीनंतरचं. आपल्याकडे ग्रॅज्युएशन म्हणजे पदवी, त्यामुळे बारावीची पोरं तिकडचे फॉर्म बघून गोंधळतात. मुंबईत बारावीनंतरचा जो मीडियाचा पदवी कोर्स आहे तो आधी बीएमएम होता, आता बीएएमएमसी म्हणतात, तो वेगळा. आपण बोलतोय ते त्याच्यानंतरचं, आणि ते करायला आधी मीडियाचंच काहीतरी केलेलं असायला लागतं असं अजिबात नाही. उलट बीकॉम, बीएस्सी, लॉ, इंजिनिअरिंग करून आलेली पोरं वर्गात असली की मजा येते, कारण कंपनीचा ताळेबंद वाचणारा कोणीतरी असतो आणि पाण्याच्या रिपोर्टमध्ये कोलीफॉर्म म्हणजे काय ते सांगणारा कोणीतरी असतो.

पीजीचे ढोबळ दोन प्रकार. एक, विद्यापीठाचं एमए, दोन वर्षांचं, चार सेमिस्टर. दुसरा, वर्षभराचा पीजी डिप्लोमा. मुंबई विद्यापीठाचा स्वतःचा पत्रकारितेचा विभाग आहे, धोबी तलावला सेंट झेवियर्सच्या आवारात १९६९ सालापासून झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स आहे, सोफिया पॉलिटेक्निकचा मीडियाचा कोर्स आहे. मुंबईबाहेर जायची तयारी असेल तर पुण्यात फर्ग्युसन रोडवरचं रानडे इन्स्टिट्यूट, चेन्नईचं एशियन कॉलेज ऑफ जर्नालिझम, दिल्लीचं आयआयएमसी, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशन (हे १९६५ चं), आणि त्याच आयआयएमसीचं आपल्या अमरावतीला केंद्र आहे जिथे मराठी पत्रकारितेचा डिप्लोमा होतो, हे मुंबईतल्या बऱ्याच पोरांना माहीतच नसतं. फी आणि तारखा मी इथे देत नाही, दर वर्षी बदलतात, त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक बघा.

डिप्लोमा की एमए ह्याच्यावर घरोघरी भांडणं होतात. माझं मत असं की पुढे नेट-सेट देऊन शिकवायचं असेल, पीएचडी करायची असेल तर एमए करा, डिप्लोमा तिथे चालत नाही. नुसतं बातमीदारीत उतरायचं असेल तर चांगला एक वर्षाचा डिप्लोमा पुरतो, आणि कुठलाही संपादक मुलाखतीत तुमची मार्कशीट बघत नाही, कात्रणं बघतो, म्हणजे आता लिंका बघतो. नवीन शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात एमएचं पहिलं वर्ष पूर्ण करून पीजी डिप्लोमा घेऊन बाहेर पडायचीही सोय झालीय आणि ओजेटी नावाचा प्रकार आलाय, ऑन जॉब ट्रेनिंग, त्याला ४ क्रेडिट. एका प्रॅक्टिकल क्रेडिटला ३० तास धरले तर १२० तास होतात, म्हणजे तीन-चार आठवडे. तेवढ्यात माणूस पत्रकार होत नाही, चहावाल्याचं नाव आणि डेस्कवर, म्हणजे कॉपी तपासून पानात लावणाऱ्यांत, कोण खवचट आहे एवढं कळतं. म्हणूनच कोर्सच्या आत स्वतःची न्यूजरूम आहे का हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

ही कल्पना आली कुठून? अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात १९०८ साली पत्रकारितेची शाळा निघाली आणि ज्या दिवशी वर्ग सुरू झाले त्याच दिवशी विद्यार्थ्यांनी बातम्या लिहिलेलं वर्तमानपत्रही निघालं. भिंतीवर लावायचं हस्तलिखित नाही, गावातल्या लोकांनी वाचायचं खरं वर्तमानपत्र. संपादक अनुभवी, बातमीदार विद्यार्थी. ते पत्र आजही आहे, आणि पुढे १९५३ मध्ये तर विद्यापीठाने स्वतःचं टीव्ही स्टेशनच काढलं. ह्याला ते लोक 'मिसुरी मेथड' म्हणतात. मुंबईकराला समजावायचं तर परळचं बघा. जीएस मेडिकल कॉलेज आणि केईएम हॉस्पिटल एकाच आवारात, १९२६ पासून. एमबीबीएसची पोरं पुस्तकात वाचलेलं पलीकडच्या वॉर्डात जाऊन बघतात, खऱ्या पेशंटला खरी सुई टोचतात, पण मागे सीनियर उभा असतो. पत्रकारितेच्या न्यूजरूमचंही तेच, पेशंट म्हणजे बातमी आणि सीनियर म्हणजे कॉपी परत पाठवणारा माणूस. सीनियरच नसेल तर ते हॉस्पिटल नाही, नुसती कॉटची खोली आहे. (जाता जाता, ज्याच्या नावाने पुलित्झर पुरस्कार देतात त्या जोसेफ पुलित्झरने कोलंबिया विद्यापीठाला पत्रकारितेची शाळा काढा, पैसे मी देतो असं १८९२ मध्येच सांगितलं होतं, त्यांनी तेव्हा नको म्हटलं. शाळा उघडली १९१२ मध्ये, तोपर्यंत पुलित्झर वारला होता. बातमीदारी हा काय कॉलेजात शिकवायचा विषय आहे का, हा वाद तेव्हापासूनचा आहे.)

आता प्रत्यक्षात दिवस कसा जातो ते सांगतो. चांगल्या कोर्समध्ये आठवड्यातले दोन-तीन दिवस लेक्चर नसतातच, न्यूजरूम असते. सकाळी दहाला मीटिंग. प्रत्येकाने काय करणार ते सांगायचं, आणि 'पावसावर करतो' असं सांगितलं की तिथल्या तिथे उडवतात, कारण पाऊस हा विषय झाला, बातमी नाही. 'सायनच्या अमुक गल्लीत पंप बसवलाय पण चालू करायला माणूसच नसतो असं रहिवासी म्हणतायत, ते बघायला जातोय' ही झाली बातमीची सुरुवात. प्रत्येकाला बीट वाटून दिलेली असते, कोणाकडे एखादा वॉर्ड, कोणाकडे कोर्ट, कोणाकडे रेल्वे, कोणाकडे हॉस्पिटलं, कोणाकडे शाळा. मग पोरं लोकल पकडून निघतात. पाच वाजेपर्यंत कॉपी टाकायची, त्यानंतर ती डेस्ककडे, आणि डेस्कवरही विद्यार्थीच असतात, फक्त पुढच्या आठवड्यात बाजू बदलतात. आज ज्याची कॉपी कापली तो पुढच्या सोमवारी तुमची कापणार आहे हे डोक्यात असलं की दोन्हीकडचे लोक सभ्य वागतात. रात्री पान लावायचं, चौकटी जुळवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पानाचं सगळ्यांसमोर पोस्टमॉर्टम.

डेस्कवर बसणं पोरांना शिक्षा वाटते, सगळ्यांना बाहेर फिरायचं असतं, हातात माइक हवा असतो. माझ्या मते खरं शिक्षण तिथेच होतं. समजा तीन कॉलमात दोन ओळींचं हेडिंग बसवायचंय. माझ्या त्या झाडाचंच घ्या. 'दादरमध्ये झाड कोसळून तरुण जखमी' बसतं, बरोबरही आहे, पण त्याच्यात नवीन काय? 'छाटणी लांबली, झाड तरुणावर' बसतं आणि जास्त सांगतं, पण छाटणी लांबली म्हणूनच झाड पडलं असं आपण सिद्ध केलंय का? नाही ना. सेक्रेटरींनी छाटणी लांबल्याचं सांगितलं, पडण्याचं कारण सांगितलं नाही. मग ते हेडिंग गेलं. एका हेडिंगवर अर्धा तास घालवला की स्वल्पविरामसुद्धा आरोप करू शकतो हे कायमचं लक्षात राहतं.

भाषेचं एक वेगळंच प्रकरण आहे. पोलिसांकडून जी माहिती येते तिची मराठी अशी असते, 'अज्ञात इसमाने फिर्यादी यांचे राहते घराचे कुलूप तोडून आत प्रवेश करून'. पहिल्या महिन्यात पोरं हे जसंच्या तसं बातमीत उतरवतात. इसम, सदर, मयत, नमूद, उपरोक्त, हे सगळे शब्द आमच्या सरांकडे एका पुठ्ठ्यावर लिहून टांगलेले होते आणि वापरला की चहा पाजायचा. दुसऱ्या बाजूने इंग्रजी एजन्सीच्या कॉपीचं भाषांतर येतं, त्यात 'मंत्र्यांच्या द्वारे असे सांगितले गेले'. अरे, 'मंत्री म्हणाले'! एवढंच. मराठीत काम करायचं असेल तर हे भाषांतराचं काम तुमच्या राशीला पहिल्या दिवसापासून असणार आहे, कारण प्रेस नोट, रिपोर्ट, कोर्टाचा निकाल, बहुतेक गोष्टी इंग्रजीत येतात आणि वाचकाला मराठीत द्यायच्या असतात, तेही तासाभरात. कोर्समध्ये ह्याचा सराव होतो का ते आवर्जून विचारा.

आकडे हा सगळ्यात दुबळा भाग, आमचाही होता. एक उदाहरण देतो जे मी वर्कशॉपला गेलो की नेहमी देतो. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटींचं. आता मागच्या वर्षीपेक्षा किती टक्क्यांनी वाढलं? वर्गात अर्धे लोक १४ टक्के म्हणतात, अर्धे २४, आणि गंमत म्हणजे दोघांचंही गणित बरोबर असतं. २०२४-२५ चं बजेट मांडलं तेव्हा ते ५९,९५४ कोटींचं होतं, त्याच्याशी तुलना केली तर वाढ २४ टक्क्यांची. पण वर्षाच्या मध्ये खर्च वाढला आणि सुधारित अंदाज ६५,१८० कोटींवर गेला, त्याच्याशी तुलना केली तर १४ टक्के. पहिला झाला अर्थसंकल्पीय अंदाज, दुसरा सुधारित अंदाज, दोन्ही त्याच पुस्तकात शेजारशेजारच्या रकान्यात छापलेले असतात. बातमीत कुठला वापरला ते सांगितलं नाही तर वाचक फसला, आणि दोन पेपर घेणाऱ्या माणसाला वाटतं की एकजण खोटं बोलतोय. पावसाचंही तसंच. 'मुसळधार' हा आपल्याला विशेषण वाटतो पण हवामान खात्याकडे त्याचं माप आहे, २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, त्याच्यावर २०४.४ पर्यंत अतिमुसळधार, त्याच्याही वर अत्यंत मुसळधार. आणि कुठे मोजला तेही सांगायला पाहिजे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला शंभरसुद्धा नव्हता. 'मुंबईत एवढा पाऊस' ह्या वाक्यातली मुंबई कुठली हा प्रश्न डेस्कने विचारायचा असतो.

आता कायदा. हा विषय थिअरी म्हणून शिकवला की पोरं झोपतात, न्यूजरूममध्ये शिकवला की घाबरतात, आणि थोडं घाबरलेलं बरं असतं. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करायची नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. पीडित मूल असेल तर पोक्सोचं कलम २३ आहे, आणि गुन्ह्यात सापडलेल्या किंवा साक्षीदार असलेल्या मुलांसाठी बाल न्याय कायद्याचं कलम ७४. आता सगळ्यांना वाटतं की नाव नाही दिलं म्हणजे झालं. नाही झालं. समजा एका पेपरने लिहिलं 'आठवीतली मुलगी, अमुक चाळ', दुसऱ्याने लिहिलं 'वडील रिक्षा चालवतात', तिसऱ्याने शाळेचं नाव दिलं. प्रत्येकाला वाटतं आपण सांभाळून लिहिलं, आणि त्या चाळीत खालच्या किराणावाल्यापासून सगळ्यांना ती मुलगी कोण ते कळलं. चांगल्या न्यूजरूममध्ये ह्याचा सराव घेतात, तीन गटांना एकच केस देऊन तीन बातम्या लिहायला लावतात आणि मग तिन्ही कॉप्या एकत्र ठेवून ओळख पटते का बघतात. आमच्या बॅचची पटली होती.

तसंच संशयित, आरोपी, दोषी ह्या तीन पायऱ्या आहेत, तिन्हीला मिळून 'गुन्हेगार' म्हणायचं नाही. बदनामीचं कलम आधी भादंविचं (भारतीय दंड विधानाचं) ४९९-५०० होतं, १ जुलै २०२४ पासून नवीन संहितेत ते ३५६ झालं. कोर्सची एक सोपी परीक्षा सांगू? मीडिया लॉच्या नोट्स मागवा. त्यात अजून ४९९ च असेल तर नोट्स कधीपासून झेरॉक्स होतायत ते कळेल.

माहिती अधिकार हा दोन वर्षांच्या कोर्सचा खरा फायदा आहे असं मला वाटतं, कारण त्याला वेळ लागतो आणि नोकरीत वेळ नसतो. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, किंवा आता ऑनलाइनही भरता येतो, उत्तराची मुदत ३० दिवस, महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय. हे दीडशे शब्द लिहिणं म्हणजे हेडिंग लिहिण्याइतकंच अवघड. 'झाडांबद्दल माहिती द्यावी' असं लिहिलं तर काहीच येणार नाही. 'अमुक वॉर्डात १ एप्रिल ते ३१ मे ह्या काळात खासगी सोसायट्यांकडून आलेल्या छाटणीच्या अर्जांची संख्या, मंजूर किती, नामंजूर किती' असं लिहिलं तर कागद येतो. नाही आला तर पहिलं अपील करायचं. पहिल्या सेमिस्टरला टाकलेल्या अर्जाचं उत्तर दुसऱ्या सेमिस्टरला हातात असतं, आणि तेव्हा पोरांना पहिल्यांदा कळतं की बातमी म्हणजे पळत जाऊन आणायचीच वस्तू असते असं नाही, काही बातम्या लावून ठेवायच्या असतात, दह्यासारख्या.

टीव्हीबद्दल थोडक्यात. बाईट म्हणजे कोणाचं तरी कॅमेऱ्यासमोरचं बोलणं, पीटीसी म्हणजे बातमीदाराने स्वतः कॅमेऱ्याकडे बघून बोलणं, रनडाऊन म्हणजे बुलेटिनचा क्रम. हे दोन आठवड्यांत जमतं. जे जमत नाही ते म्हणजे दीड मिनिटाच्या पॅकेजमध्ये, म्हणजे एडिट करून तयार केलेल्या बातमीत, काय टाकायचं नाही ते ठरवणं, आणि ते पुन्हा डेस्कचंच काम. आता मोबाइलवरच शूट-एडिट होतं, त्यामुळे 'आमच्याकडे अत्याधुनिक स्टुडिओ आहे' ह्या जाहिरातीला भुलू नका. स्टुडिओ कुलूपबंद असतो आणि चावी ज्या शिपायाकडे असते तो रजेवर असतो, हे मी एका ठिकाणी स्वतः बघितलंय.

इंटर्नशिपचं माझं स्वतःचं दुखणं आहे. कोर्सनंतर मी एका ठिकाणी दोन महिने गेलो, नाव घेत नाही, तिथे मला फक्त प्रेस नोटा टाइप करायला बसवलं. दोन महिन्यांत कोणीही माझी एकही कॉपी परत पाठवली नाही, जशी टाइप केली तशी लागत होती. मला तेव्हा वाटलं की वा, आपण तयार झालो. नंतर नोकरीत पहिल्याच आठवड्यात एका सत्काराच्या प्रेस नोटेत वारलेल्या माणसाला 'उपस्थित' म्हणून लिहिलेलं होतं आणि मी ते तसंच लावलं. घरच्यांचा फोन आला होता. तो फोन मी घेतला होता.

म्हणून कोर्स निवडताना ब्रोशरमधले फोटो आणि प्लेसमेंटचे लोगो बाजूला ठेवा आणि तिथे जाऊन त्यांच्या लॅब पेपरचे, म्हणजे विद्यार्थ्यांनी काढलेल्या वर्तमानपत्राचे, मागचे तीन अंक मागा. आता बरेच जण वेबसाइटच चालवतात, मग ती बघा. सगळ्या बातम्या कॉलेजच्या फेस्टच्या आणि पाहुण्यांच्या भाषणांच्या असतील तर ती न्यूजरूम नाही, ते गॅदरिंगचं मॅगझिन आहे. शेवटची बातमी कुठल्या तारखेची आहे? चूक दुरुस्ती कधी छापलीय का? कधीच छापली नसेल तर दोनच शक्यता, एकतर ते देव आहेत किंवा कोणी तपासत नाही. मग दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला कॅन्टीनमध्ये गाठा आणि विचारा की तुझी कॉपी कोण बघतं, किती वेळा परत येते. 'सर बघतात, पण मुलं साठ आहेत' असं उत्तर आलं तर हिशोब तुम्हीच करा, साठ कॉप्या एक माणूस एका संध्याकाळी कशा वाचणार.

पैशाचं खरं सांगतो. सुरुवातीचा पगार ऐकून घरचे गप्प होतात, त्यातून मुंबईत घर भाड्याने घेऊन राहायचं असेल तर फारच गप्प होतात. कर्ज काढून महागडा कोर्स करायचा असेल तर हप्ता आणि पहिला पगार एका कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि मग ठरवा. कोर्स न करता थेट नोकरीत घुसता येतं का? येतं, माझ्या डेस्कवरचे दोन सगळ्यात हुशार लोक असेच आलेत, एक प्रूफरीडर होता. पण त्यांना त्यांच्या सुरुवातीला कोणीतरी कॉपी परत पाठवणारा भेटला होता, आणि हल्लीच्या न्यूजरूममध्ये तेवढा वेळ असलेला माणूस सापडणं कठीण झालंय. वेबवर बातमी दहा मिनिटांत टाकायची असते, आधी टाका मग बघू असं चालतं, वर एआयने लिहून दिलेली कॉपी इतकी गुळगुळीत असते की कोणाला शंकाच येत नाही. एआय झाडाची बातमी झकास लिहील, बुंधा भिंतीच्या आत होता की बाहेर ते बघायला जाणार नाही. कोर्ससाठी पैसे द्यायचेच असतील तर ते ह्या परत पाठवणाऱ्या माणसाच्या वेळेसाठी द्या, बाकी सगळं फुकटात शिकता येतं.

तर त्या मुलीला मी म्हटलं की प्रवेश परीक्षा वगैरे नंतर बघू, आधी आपल्या बिल्डिंगमध्ये दोन दिवस पाणी का नव्हतं त्याच्यावर दोनशे शब्द लिहून दे. तिने रात्रीच व्हॉट्सअ‍ॅप केलं, 'कमिटीच्या ढिसाळ कारभारामुळे रहिवाशांचे हाल'. मी परत पाठवलं, 'कोणी सांगितलं?' दुसऱ्या दिवशी ती वॉचमनशी बोलली, मग पंपवाल्याशी, मग चक्क सेक्रेटरींच्या दारात जाऊन उभी राहिली, आणि दुसऱ्या कॉपीत कमिटी गायब झाली, पंपाची मोटर जळल्याचं आलं, पण कधी जळली ते नव्हतं. तिसरी काल रात्री साडेअकराला आली. दिवस आहे, वेळ आहे, दुरुस्तीचं बिल आहे, सेक्रेटरींचं म्हणणं आहे. टँकर किती मागवले आणि पैसे कोणी दिले ते अजून नाहीये. परत पाठवलीय.